तुमच्या बिन फोल्डरात काय पडलंय? (सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी)

पाटवाट | मंगळवार, रात्री ११:४२

मंडळी, रामराम.

एका मध्यम आकाराच्या कारखान्याचे सर्व्हर मी एकटा सांभाळतो. एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनचं क्लाउड) मुंबई रीजनमध्ये अकरा मशिनं, सगळी उबुंटू. शिवाय ऑफिसात जिन्याखाली एक जुना टॉवर, त्यावर टॅली आणि फाइलशेअर. जोडीला कुणी नाही. गेल्या वर्षी गौरी जेवायच्या दिवशी मी माजघरात बसून एनजिनएक्स रीस्टार्ट करत होतो, यावरून काय ते समजा.

परवा ११ तारखेला, म्हणजे नेमकं जीएसटीआर-१ भरायच्या दिवशी, बिलिंगच्या मशिनची डिस्क भरली. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) म्हणतंय ८० जीबी संपली. डीयू लावून फोल्डर मोजले तर जेमतेम ३० जीबी. एक मोठा लॉग दिसला तो आधीच आरएम करून उडवला होता, तरी जागा काही सुटेना. खाली अकाउंट्सवाले उभे. शेवटी रीबूट मारला आणि जागा आपोआप परत आली. का आली ते मला अजून कळलेलं नाही आणि तेच खुपतंय.

तर मुद्दा. नेटवर 'टॉप ५० टूल्स' छाप याद्या ढिगानं पडल्यात, त्या नकोत. बिन फोल्डरात (आपापली स्क्रिप्टं ठेवतो तो) पडलेली, तुम्ही स्वतः लिहिलेली आणि गेल्या महिन्यात खरोखर चाललेली स्क्रिप्टं सांगा. अट एकच, कमांड देवनागरीत लिहा. म्हणजे कुणी डोळे मिटून कॉपी-पेस्ट करणार नाही (मी स्वतः धरून).

तिरफळ | बुधवार, सकाळी ७:१५

अट आवडली. :)

तुमची जागा कुठे गेली होती ते सांगते. लिनक्समध्ये आरएम केल्यानं फाइलचं नाव जातं, फाइल जात नाही. एखाद्या प्रोसेसनं ती उघडून धरली असेल तर शेवटचा हात सुटेपर्यंत ब्लॉक अडकलेलेच राहतात. तुम्ही लॉग उडवलात, पण जावा की जे काही असेल ते त्याच लॉगात निवांत लिहीत बसलं. डीयू नावं धरून मोजतं, त्याला ती फाइल दिसणारच नाही. डीएफ ब्लॉक मोजतं, त्याला दिसते. रीबूटमध्ये प्रोसेस मेली, हात सुटला, जागा आली.

पुढच्या वेळी रीबूट करू नका. एलएसओएफ +एल१ चालवा. ज्यांचं नाव गेलंय पण जीव आहे अशा सगळ्या फाइली, कुणी धरल्यात त्यासकट, समोर येतात. मग ती एकच सेवा रीस्टार्ट करायची. आणि चालू लॉग रिकामा करायचा असेल तर आरएम नाही, ट्रंकेट -एस ०. लॉगरोटेट (जुने लॉग बाजूला काढून नवे सुरू करणारं टूल) लावला असेल तर त्यात फिरवल्यानंतर सेवेला सिग्नल जातो का बघा; जात नसेल तर कॉपीट्रंकेट लावा, मधल्या चार ओळी हरवण्याची तयारी ठेवून.

माझ्याकडे 'जागा' नावाचं स्क्रिप्ट आहे, वीसेक ओळींचं. आधी डीएफ -एच, मग डीएफ -आय, मग वरचं एलएसओएफ, शेवटी सगळ्यात लठ्ठ वीस फोल्डर. यातलं डीएफ -आय लोक विसरतात. आमच्या एका मशिनवर डिस्क ४० टक्के रिकामी असूनही 'जागा नाही' येत होतं. पीएचपीच्या सेशन फाइली लाखांनी साठल्या होत्या, शून्य बाइटच्या, आणि आयनोड (प्रत्येक फाइलमागे एक लागणारी नोंद) संपले होते. ब्लॉक शिल्लक, पण नवीन नाव लिहायला वहीत ओळ नाही.

अजून एक. ईएक्सटी४ बनवताना ५ टक्के जागा रूटसाठी राखीव जाते. तुमच्या ८० जीबीत ४ जीबी. रूट डिस्कवर ती असू द्या, अडचणीत तिच्या जिवावर लॉगिन होता येतं. पण नुसत्या डेटाच्या १ टीबी डिस्कवर ५० जीबी अडवून काय करायचंय? तिथे ट्यून२एफएस -एम १ करून टाका.

पाटवाट | बुधवार, सकाळी ७:४०

ताई, साष्टांग. जावाच होतं.

जुना कळफलक | बुधवार, सकाळी ९:०५

१९९४ साली एका सहकारी बँकेच्या शाखेत एससीओ युनिक्सवर हात बसला, त्यामुळे माझी स्क्रिप्टंही त्याच वयाची समजा.

पहिलं: क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनची यादी. क्रॉनटॅब -ई म्हणजे बदल करा. क्रॉनटॅब -आर म्हणजे सगळं पुसा, न विचारता. कळफलकावर ई आणि आर शेजारी शेजारी. ही मांडणी ज्यांच्या डोक्यातून आली त्यांना माझा नमस्कार. मी हे आयुष्यात दोनदा केलंय. दुसऱ्यांदा केलं तेव्हा रोज रात्री क्रॉनटॅब -एल चा निकाल तारीख घालून फाइलीत टाकणारी एक ओळ होती, म्हणून वाचलो. ती ओळ क्रॉनमध्येच होती आणि ती पण पुसली गेली, पण कालपर्यंतची फाइल होती. आता एलियस करून क्रॉनटॅबला कायम -आय लावलेला असतो, पुसण्याआधी विचारतो.

इटीसी फोल्डरासाठी इटीसीकीपर बसवा. एपीटीनं काही बसवलं, काढलं की सगळ्या कॉन्फिगची गिटमध्ये नोंद आपोआप होते. 'मी काही बदललं नाही' असं म्हणणाऱ्याला (बहुतेक वेळा तो मीच असतो) गिट लॉग दाखवता येतो.

आणि मॉली-गार्ड. एसएसएचवरून रीबूट किंवा शटडाउन मारलंत की हे पॅकेज मशिनचं नाव टाइप करायला लावतं. चुकीच्या टॅबमध्ये असाल तर तिथेच अडता. नावामागची गंमत अशी: एका प्रोग्रामरची मॉली नावाची चिमुरडी मशिनरूममध्ये आली आणि तिनं आयबीएम ४३४१ चं मोठं लाल बटण दाबलं, एकाच दिवसात दोनदा. मग त्या बटणावर प्लास्टिकचं झाकण आलं. आपल्याकडे नातवंडं यूपीएसचं बटण दाबतात, झाकण अजून आलेलं नाही.

अळूवडी | बुधवार, दुपारी १:२०

सी-डॅकचा डिटिस कोर्स करून नोकरीला लागले त्याला चार महिने झाले. प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. आमच्याकडे प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर 'सेट -ईयूओ पाइपफेल' असतं. सीनियरना विचारलं तर म्हणाले, गणपतीचं नाव घेतल्यासारखं घ्यायचं, विचारायचं नाही.

चिंचगूळ | बुधवार, दुपारी २:०२

विचारायचंच असतं. सीनियरना चहा पाजा आणि हे सांगा.

ई: एखादी कमांड फसली की तिथेच थांब, पुढे रेटू नकोस. यू: न भरलेलं व्हेरिएबल वापरलं तर रिकामं समजू नकोस, मर. पाइपफेल: नळीत तीन कमांड असतील तर एरवी बॅश फक्त शेवटचीचा निकाल बघतं, हे लावलं की मधली मेली तरी नळी मेली.

पण व्हेरिएबल ठरवलेलं असून रिकामं निघालं तर यू सुद्धा वाचवत नाही. ते कळायला स्टीमची (गेम विकणारं ॲप) गोष्ट पुरेशी आहे. जानेवारी २०१५. लिनक्सवरच्या स्टीमच्या स्क्रिप्टमध्ये आरएम -आरएफ, पुढे स्टीमचा फोल्डर ठेवलेलं व्हेरिएबल, पुढे तिरकी रेघ आणि तारा. एकानं फोल्डर दुसरीकडे हलवून सिमलिंक दिली, व्हेरिएबल रिकामं आलं, आणि उरलं काय? तिरकी रेघ आणि तारा. त्याच्या घरच्या सगळ्या फाइली गेल्या, जोडलेली बाहेरची डिस्कसुद्धा. त्या ओळीच्या डोक्यावर लिहिणाऱ्यानंच 'भीतीदायक!' अशा अर्थाची कॉमेंट टाकून ठेवली होती. भीती वाटली, पण तपासणी घातली नाही. म्हणून आरएमच्या जवळपास व्हेरिएबल आलं की मी त्याच्या कंसात प्रश्नचिन्हाचं रूप वापरते. रिकामं असेल तर स्क्रिप्ट जागच्या जागी थांबतं.

घाटमाथा | बुधवार, दुपारी २:३०

सेट -ई वर इतकाही भरवसा नको. फंक्शन इफच्या अटीत किंवा दुहेरी अँडच्या डावीकडे बोलावलं की त्याच्या पोटात ई चालतच नाही. आणि लोकल लिहून त्याच ओळीत कमांडचं उत्तर भरलंत तर कमांडचा निकाल लोकल गिळून टाकतं. लोकल स्वतः कायम यशस्वी! जाहीर एका ओळीत करा, भरा दुसऱ्या ओळीत. हे डोळ्यांनी शोधत बसू नका, शेलचेक चालवा, ते बरोब्बर बोट ठेवतं. गिटमध्ये टाकण्याआधी शेलचेक पास नसेल तर आमच्याकडे स्क्रिप्ट आतच येत नाही.

ढगफुटी | बुधवार, संध्याकाळी ६:४५

सगळं ठीक, पण अकरा मशिनांसाठी बॅशचा हा आठवडी बाजार कशाला भरवायचा? टेराफॉर्म आणि अॅन्सिबल घ्या, मशिनं कशी हवीत ते फाइलीत लिहायचं आणि ती आपोआप उभी राहतात. मशिन बिघडलं की दुरुस्त करायचं नाही, पाडून नवं उभं करायचं. हे डीएफ-डीयू एकविसाव्या शतकात कुणी का करावं?

जुना कळफलक | बुधवार, संध्याकाळी ६:५८

ढगफुटीराव, बिलिंगचा डेटाबेस ज्या मशिनवर आहे ते ११ तारखेला पाडून दाखवा. मी पॉपकॉर्न आणतो.

घाटमाथा | बुधवार, संध्याकाळी ७:३०

दोघेही अर्धे बरोबर. एकट्या माणसानं सगळं टेराफॉर्ममध्ये आणायला घेतलं तर सहा महिने त्यातच जातील. पण सिक्युरिटी ग्रुप (क्लाउडची फायरवॉल), आयएएम (कुणाला काय परवानगी) आणि डीएनएस एवढं तरी आणा, कारण वेबच्या पानावर क्लिक करून केलेला बदल तिसऱ्या महिन्यात कुणाच्याच लक्षात राहत नाही. मग रोज सकाळी टेराफॉर्म प्लॅन (फाइलीतलं आणि प्रत्यक्षातलं जुळतं का ते बघणारी कमांड) चालवायचा, डीटेल्ड-एक्झिटकोड लावून. शून्य आलं तर जैसे थे, एक आलं तर प्लॅनच फसला, दोन आलं तर कुणीतरी हातानं काहीतरी बदललंय. आमच्याकडे दोन आलं की चॅटवर निरोप जातो. गेल्या महिन्यात एका भल्या माणसानं 'फक्त पाच मिनिटं' म्हणून एसएसएचचं पोर्ट साऱ्या जगाला उघडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचं लायसन्स बदललं आणि त्यातून ओपनटोफू फुटून निघालं. लहान वापरासाठी कुठलंही घ्या, या कामात फरक जाणवत नाही.

हिशेबनीस | बुधवार, रात्री १०:१०

माझा प्रांत पैशाचा. पाटवाट, तुमचं बिल न बघता सांगतो, पुढचं काही ना काही तुमच्याकडे आहेच.

मशिन काढलं पण डिस्क राहिली. 'अव्हेलेबल' अवस्थेतल्या ईबीएस (एडब्ल्यूएसच्या भाड्याच्या) डिस्कची यादी काढा; कुणाला जोडलेल्या नाहीत, भाडं मात्र चालू. मशिन नुसतं बंद ठेवलं तरी डिस्कचं भाडं चालूच असतं.

१ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी ०.००५ डॉलर. एकाला महिन्याला साडेतीनच्या वर डॉलर, तुमच्या अकरांना चाळीस. सगळ्यांना बाहेरून दिसायची गरज आहे का? लॉगिनसाठीच असेल तर एडब्ल्यूएसचं सेशन मॅनेजर वापरा, पत्ताही नको आणि २२ चं पोर्टही नको. पण पत्ते काढायच्या घाईत नॅट गेटवे (सगळ्या मशिनांना बाहेर जायचं सामायिक दार) लावू नका, तो या चाळिसाच्या वर जाऊ शकतो.

क्लाउडवॉचचे लॉग. काही ठरवलं नाहीत तर ते कधीच पुसले जात नाहीत. एसथ्रीवर (एडब्ल्यूएसचं फाइलींचं गोदाम) अर्धवट राहिलेले मल्टिपार्ट, म्हणजे तुकड्यातुकड्यानं होणारे अपलोड: नेहमीच्या यादीत दिसत नाहीत, पैसे मात्र लागतात. सात दिवसांनी टाकून दे असा लाइफसायकल नियम एकदा लावला की विषय संपला. जुन्या जीपी२ डिस्क जीपी३ करा, दर जीबीला २० टक्के स्वस्त आणि मशिन बंद करावं लागत नाही. मोठी जीपी२ असेल तर आयओपीएस (सेकंदाला किती वाचन-लेखन) आधी बघून घ्या, जीपी३ ला पायाभूत ३००० च मिळतात.

माझं स्क्रिप्ट दर सोमवारी यादी काढतं. पुसत काही नाही. आधी टॅग लावतं, आठवडा थांबतं, मग मी हातानं पुसतो. पुसणारं स्क्रिप्ट क्रॉनमध्ये ठेवण्याइतका माझा स्वतःवर विश्वास नाही.

खोडरबर | गुरुवार, पहाटे ३:२५

डब्लिनहून. इथे अजून रात्रीचे अकराही वाजलेले नाहीत, त्यामुळे मी काही जागरण करत नाहीये.

सगळी स्क्रिप्टं छान आहेत, पण धाग्यात अजून बॅकअपचं नाव नाही. पाटवाट, तुमचा बॅकअप आहे का हे मी विचारणार नाही, सगळे हो म्हणतात. शेवटचा परत उभा कधी केला होतात?

३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅबची रात्र आठवा. एक इंजिनिअर थकलेला, डेटाबेसची दुय्यम प्रत नीट जुळेना म्हणून तिथला फोल्डर पुसायला गेला आणि पुसला मुख्य सर्व्हरवरचा. लक्षात येऊन थांबवेपर्यंत ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते. इथवर चूक माणसाची, कुणाच्याही हातून होईल. खरी गोष्ट पुढे आहे. बॅकअप शोधायला गेले तर एसथ्रीची बकेट रिकामी. पीजी डंप (डेटाबेसची प्रत काढणारी कमांड) रोज चालत होतं आणि रोज फसत होतं, कारण डेटाबेस ९.६ आणि डंप काढणारं टूल ९.२ चं. फसल्याचे ईमेल निघत होते, पण डीएमएआरसीच्या (खोटे मेल ओळखायची पद्धत) कारणानं समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. म्हणजे स्क्रिप्ट ओरडत होतं, आवाज कुणापर्यंत जात नव्हता. वाचवलं कशानं? सहा तास आधी कुणीतरी चाचणीसाठी हातानं काढलेल्या एका एलव्हीएम स्नॅपशॉटनं (डिस्कची त्या क्षणाची प्रत). त्यांनी हे सगळं लपवलं नाही, दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली, म्हणून तर आपल्याला माहीत आहे.

तेव्हापासून मी 'फसलं तर कळव' हा प्रकार बंद केला. फसलेल्या स्क्रिप्टवरच कळवायची जबाबदारी टाकायची म्हणजे बुडालेल्यालाच 'बुडालास तर हाक मार' सांगण्यासारखं आहे. आता उलटं: काम नीट पार पडलं तरच शेवटच्या ओळीत कर्लनं एका पत्त्यावर टिचकी मारायची. हेल्थचेक्स म्हणून मुक्त सॉफ्टवेअर आहे, स्वतःच्या मशिनवरही बसतं. ठरलेल्या वेळेत टिचकी आली नाही की ते तुम्हाला उठवतं. क्रॉन बंद पडलं, मशिन मेलं, नेटवर्क तुटलं, पासवर्ड बदलला, कारण काही असो. फक्त ते त्याच मशिनवर बसवू नका.

आणि टिचकीआधी फाइलचं वजन बघा. कालच्या डंपच्या निम्म्यापेक्षा कमी भरला तर टिचकी नाही.

रविवारी पहाटे माझं एक स्क्रिप्ट स्वस्तातलं स्पॉट मशिन उभं करतं, रेस्टिक या बॅकअप टूलमधून ताजा बॅकअप ओढतं, डेटाबेस चढवतं, तीन टेबलांतल्या ओळी मोजतं, शेवटच्या नोंदीची तारीख बघतं आणि मशिन पाडतं. चाळीस मिनिटं लागतात, खर्च चहाइतका. माझ्या बिन फोल्डरातलं बाकी सगळं जळालं तरी चालेल, हे एक राहू दे.

अळूवडी | गुरुवार, सकाळी ८:५०

वाचनखूण साठवली. एक शंका, हे सगळं क्रॉनमध्ये लावायचं की सिस्टमडी टायमरमध्ये (लिनक्सचं वेळापत्रकाचं नवं साधन)?

चिंचगूळ | गुरुवार, सकाळी ९:३०

नवीन काही लिहीत असाल तर टायमर. पर्सिस्टंट लावलं की मशिन बंद असताना हुकलेली वेळ चालू झाल्यावर भरून काढतं, आणि लॉग जर्नलमध्ये मिळतो.

क्रॉनच असेल तर तीन खड्डे. एक, त्याचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो. टर्मिनलवर चालतं ते क्रॉनमध्ये चालेलच असं नाही, पूर्ण पत्ता लिहा. दोन, क्रॉनटॅबच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ! डेट कमांडनं फाइलच्या नावात तारीख घालायला जाता आणि अर्धी कमांड गायब होते. टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्या किंवा सरळ स्क्रिप्टमध्ये लिहा. तीन, आधीचं काम संपायच्या आत पुढचं सुरू होऊ नये म्हणून एफलॉक -एन.

घाटमाथा | गुरुवार, सकाळी ९:४१

चौथा खड्डा आपल्या खास मालकीचा, अर्धा तास. क्लाउडवरचं मशिन यूटीसीत असतं. आपली रात्रीची १२ म्हणजे तिथली संध्याकाळची १८:३०. लोक पाच तास वजा करतात आणि तीस मिनिटं विसरतात. मग 'दिवसअखेरचा' रिपोर्ट रोज साडेबाराला निघतो आणि नव्या दिवसाची अर्ध्या तासाची बिलं कालच्यात दिसतात. शिवाय १८:३० ला तिथे तारीख आदल्या दिवशीचीच असते, फाइलच्या नावात ती येते. मशिन यूटीसीतच ठेवा, टायमरच्या ऑनकॅलेंडर ओळीत मात्र शेवटी आशिया/कोलकाता लिहा.

हिशेबनीस | गुरुवार, सकाळी १०:१५

वेबसाइटच्या सर्टिफिकेटची मुदत तपासणारं स्क्रिप्टही ठेवा, ओपनएसएसएलची एक ओळ आहे. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टनं मुदत संपत आल्याचे ईमेल जून २०२५ मध्ये बंद केले. ज्यांची भिस्त त्यावर होती ते गप्पकन पडतील. आणि १५ मार्च २०२९ पासून कुठलंही सार्वजनिक सर्टिफिकेट जास्तीत जास्त ४७ दिवसांचं असणार आहे. हातानं बदलणाऱ्यांनी आत्तापासून सवय मोडा.

तिरफळ | गुरुवार, दुपारी १२:३०

फायरवॉलला हात लावण्याआधी: ॲट कमांडनं दहा मिनिटांनी जुने नियम परत आणायचं काम लावून ठेवा. नवे नियम ठीक चालले तर ते काम रद्द करा. स्वतःला बाहेर कोंडून घेतलंत तर दहा मिनिटं चहा प्या. नेटवर्कच्या कॉन्फिगसाठी उबुंटूत नेटप्लॅन ट्राय हेच करतं; १२० सेकंदांत तुम्ही हो म्हटलं नाहीत तर पूर्ववत. जिन्याखालच्या टॉवरला हे जास्त लागू, कारण तिथे वेबवरून कन्सोल नाही, जिनाच उतरावा लागतो.

पाटवाट | शुक्रवार, रात्री १:५०

झोप उडालीये, म्हणून लिहितो.

खोडरबर यांचा प्रश्न वाचून गुरुवारी दिवसभर टाळलं. आज रात्री बसलो. बिलिंगच्या डेटाबेसचा डंप रोज पहाटे २ ला निघतो, मायएसक्यूएलडंप, नळीतून जीझिपला, तिथून एसथ्रीवर. तीन वर्षांपूर्वी मीच लिहिलंय. रोज फाइल जाते, मी अधूनमधून यादी बघतो, तारखा बरोबर असतात.

कालची फाइल उतरवली. २० बाइट.

परवाची २० बाइट. मागे मागे गेलो, ऑक्टोबरपर्यंत सगळ्या २० बाइट. ऑक्टोबरात आम्ही डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता. डंप दारातच परत फिरत होता आणि जीझिप काहीही न मिळाल्याचं नीट पॅकिंग करून पाठवत होतं. नळीतली शेवटची कमांड यशस्वी, म्हणून स्क्रिप्ट यशस्वी.

अळूवडीबाई, तो गणपती माझ्या स्क्रिप्टवर नव्हता.

नशीब एवढंच की ईबीएसचे रोजचे स्नॅपशॉट चालू आहेत. कालच्या स्नॅपशॉटवरून मशिन उभं केलं, इनोडीबीनं (मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग) स्वतःला सावरलं, बिलं जुळली. आता पाइपफेल लावलं, वजनाची तपासणी लावली, हेल्थचेक्स जिन्याखालच्या टॉवरवर बसवलं आणि पहिली टिचकी मगाशी १:३० ला आली. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

जुना कळफलक | शुक्रवार, सकाळी ६:३०

शाब्बास. ऑक्टोबरपासून क्रॉन रोज पहाटे 'पासवर्ड चुकला' म्हणून रूटला मेल टाकत असणार. व्हार-मेल मध्ये रूटची फाइल बघितलीत का?

पाटवाट | शुक्रवार, सकाळी ९:१२

बघितली. हो काका, रोजचा एक मेल आहे. पण सापडणार कसा? दर मिनिटाला चालणारं एक पीएचपी स्क्रिप्ट तीन वर्षं इशारे छापतंय, त्या प्रत्येकाचा मेल त्यात आहे. फाइल १.९ जीबीची झालीये.

तिरफळ | शुक्रवार, सकाळी ९:२०

बिलिंगच्याच डिस्कवर ना?

पाटवाट | शुक्रवार, सकाळी ९:२१

हो. आरएम करत नाहीये, ट्रंकेट करतोय.